इमाम घडवणे हे सरकारचे काम नव्हे

मशिदीत नमाज पढवणाऱ्या इमामाचे शिक्षण सरकारने आपल्या हाती घ्यावे, त्याचा अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवावा आणि सरकारमान्य प्रमाणपत्राशिवाय कोणालाही मिंबरावर, म्हणजे शुक्रवारचे प्रवचन जिथून दिले जाते त्या पायऱ्यांच्या आसनावर, उभे राहू देऊ नये, असे मत महाराष्ट्रातील सुशिक्षित वर्तुळात अलीकडे मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. हे मत मांडणाऱ्यांत मुसलमानांचा द्वेष करणारे आहेत तसेच त्यांचे मनापासून भले चिंतणारेही आहेत, आणि दुसऱ्या गटाच्या सद्हेतूमुळेच या मताला न मिळायला हवी होती ती प्रतिष्ठा मिळाली आहे. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी आपापल्या विद्यापीठांत इस्लामी धर्मशास्त्राची अध्यासने उघडली, फ्रान्सने परदेशातून येणाऱ्या इमामांना दार बंद केले, मग भारताने मागे का राहावे, असा त्यांचा सवाल असतो. धर्मगुरू सुधारला की समाज सुधारतो, पगार देणाऱ्याला धर्मगुरूवर लक्ष ठेवता येते आणि लक्ष ठेवले की कडवेपणा आटोक्यात येतो, ही त्यामागची साखळी. तिची एकही कडी तपासाला टिकत नाही, आणि ते समजून घेण्यासाठी युरोपला जाण्याआधी अहिल्यानगरच्या, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर, किंवा नुसते नगर, म्हटले जात होते त्या शहराच्या, वेशीच्या आत डोकावणे पुरेसे आहे, कारण धर्मगुरू घडवण्याचा कारखाना या शहरात एकदा राजाने काढला होता आणि एकदा परदेशी मंडळाने.

पहिली चूक शब्दातच आहे. ख्रिस्ती चर्चमध्ये पाळकाला दीक्षा मिळते, त्याचे पद वरून खाली येणाऱ्या अधिकारश्रेणीतून ठरते, आणि दीक्षा नसलेला माणूस ठराविक विधी करू शकत नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान ज्या सुन्नी परंपरेचे आहेत तिच्यात अशी दीक्षाही नाही आणि अशी श्रेणीही नाही. नमाजेच्या वेळी पुढे उभा राहून जो ती पढवतो तो इमाम. ज्याला संपूर्ण कुराण मुखोद्गत आहे तो हाफिज. ज्याने मदरशात, म्हणजे धार्मिक शिक्षणाच्या निवासी विद्यालयात, अरबी भाषा, हदीस म्हणजे पैगंबरांची वचने, आणि धर्मविधिशास्त्र यांचा बहुवर्षीय अभ्यास पुरा केला तो आलिम, ज्याला लोक मौलाना म्हणतात. गावच्या मशिदीचा इमाम यांपैकी कोणीही असू शकतो, आणि त्याला ठेवण्याचा व काढण्याचा अधिकार मशिदीच्या विश्वस्तांचा, म्हणजे पर्यायाने जमातीचा असतो. महाराष्ट्राच्या खेड्यात तर ही व्यवस्था आणखी मातीतली होती: मुलाणी हा गावगाड्यातील बलुतेदारांत गणला जाई, मशिदीची दिवाबत्ती आणि जनावर हलाल करण्याचे काम तो करी, आणि त्याचे बलुते कुणब्याच्या खळ्यावरून येई. हिंदू शेतकऱ्याच्या धान्यावर जगणाऱ्या या मुसलमान धर्मसेवकाची परीक्षा कोणत्या सरकारने घेतली होती? ज्या समाजात पाद्री नावाचा वर्गच नाही त्या समाजासाठी सरकारने पाद्री तयार करावेत, असे म्हणणे म्हणजे धर्मसुधारणेच्या नावाखाली त्या धर्मात एक नवी पुरोहितशाही सरकारी शिक्क्यानिशी जन्माला घालणे होय.

आता युरोपचा दाखला पाहू. जर्मनीत चर्च हे सार्वजनिक कायद्याखालील महामंडळ आहे; १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील त्याविषयीची कलमे आजच्या जर्मन मूलभूत कायद्यात जशीच्या तशी सामील केलेली आहेत. नोंदणीकृत ख्रिस्ती नागरिकाकडून प्राप्तिकराच्या आठ किंवा नऊ टक्के इतका चर्च-कर सरकारचे वित्त खाते वसूल करते आणि चर्चच्या हवाली करते. सरकारी विद्यापीठांत कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट धर्मशास्त्राच्या विद्याशाखा आहेत, प्राध्यापकांचा पगार सरकार देते, पण कॅथलिक विद्याशाखेत कोणाला नेमायचे याला बिशपची संमती लागते. या व्यवस्थेतून काय निष्पन्न होते ते ट्युबिंगेनच्या हान्स क्युंग यांच्या उदाहरणावरून कळते: पोप अचूक असतो या सिद्धान्तावर त्यांनी प्रश्न उपस्थित केले तेव्हा १९७९ मध्ये कॅथलिक धर्मशास्त्र शिकवण्याचा त्यांचा परवाना चर्चने काढून घेतला आणि विद्यापीठाला त्यांच्यासाठी वेगळी सोय करावी लागली. पगार सरकारचा, जीभ मात्र बिशपच्या ताब्यात, अशी ही तडजोड शतकानुशतकांच्या धर्मयुद्धांतून आणि तहांतून तयार झालेली आहे. जर्मनीने २०१० नंतर म्युन्स्टर, ओस्नाब्रुक, ट्युबिंगेन, फ्रँकफुर्ट आणि एर्लांगेन येथे इस्लामी धर्मशास्त्राची केंद्रे उघडली ती ख्रिस्ती आणि ज्यू धर्मांना असलेला हक्क मुसलमानांनाही मिळावा म्हणून, त्या जुन्या तडजोडीच्या चौकटीत. ज्या देशात ती चौकटच नाही तिथे तिचे एक दार उचलून आणून कशाला लावणार?

शिवाय त्या दारातून तिथेही फारसे काही आत आलेले नाही. म्युन्स्टर विद्यापीठात २००४ पासून इस्लामी धर्मशिक्षणाचे प्राध्यापक असलेले मुहम्मद स्वेन कालिश यांनी पैगंबरांच्या ऐतिहासिक अस्तित्वाविषयीच शंका व्यक्त केली, तेव्हा २००८ मध्ये मुसलमान संघटनांनी त्या केंद्राशी असलेले सहकार्य थांबवले आणि शिक्षक-प्रशिक्षणाचे काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या मुहन्नद खोर्चिदे यांच्यावरही पुढे याच संघटनांनी उदारमतवादाचा ठपका ठेवला. म्हणजे सरकारने पदव्या द्यायच्या, पण मशीद कोणाला स्वीकारते हे मशीदच ठरवणार. जर्मन केंद्र सरकार आणि लोअर सॅक्सनी राज्य यांच्या पैशावर ओस्नाब्रुक येथे २०२१ मध्ये जर्मन भाषेतून इमाम-प्रशिक्षण देणारे महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा देशातील सर्वांत मोठी तुर्की मशीद-संघटना त्यात सहभागी झाली नाही. नेदरलँड्समधील असे अभ्यासक्रम तर काही वर्षांतच गुंडाळले गेले.

युरोपला हा खटाटोप का करावा लागला, हा प्रश्न तर आपल्याकडचे समर्थक विचारतच नाहीत. तुर्कस्तानात १९२४ पासून धर्मखाते हा सरकारचा विभाग आहे, तिथला इमाम हा सरकारी नोकर असतो, आणि जर्मनीतील शेकडो मशिदींत हेच तुर्की सरकारी नोकर काही वर्षांच्या नेमणुकीवर जात असत. फ्रान्समध्ये तुर्कस्तान, अल्जीरिया आणि मोरोक्को येथून सुमारे ३०० इमाम अशाच नेमणुकीवर होते, आणि ती पद्धत बंद करण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांनी २०२० मध्ये केली. ऑस्ट्रियाने २०१५ च्या कायद्याने परदेशी पैशावर मशिदी चालवण्यास मनाई केली. युरोपचे दुखणे हे की एका परक्या सरकारने घडवलेले धर्मगुरू युरोपच्या भूमीवर बोलत होते. सरकारने इमाम घडवल्यामुळे जो रोग झाला त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या सरकारने इमाम घडवावेत, हा युरोपचा प्रयोग, आणि तो आपल्यासाठी आदर्श म्हणून सांगितला जातो!

भारतात ते दुखणेच नाही. १८६६ मध्ये देवबंदचे दारुल उलूम उभे राहिले तेव्हा त्याच्या संस्थापकांनी लोकांच्या छोट्या छोट्या वर्गणीवर, म्हणजे चंद्यावर, संस्था चालवण्याचा नियम केला आणि सरकारची व श्रीमंतांची भागीदारी संस्थेला घातक ठरते असे आपल्या मूळ तत्त्वांतच लिहून ठेवले. ब्रिटिश सरकारचा रुपया नको म्हणणारी ही परंपरा होती. महाराष्ट्रातील मदरसेही याच घडणीचे आहेत: मालेगावच्या जुन्या संस्था असोत किंवा नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे १९७९ मध्ये मौलाना गुलाम मुहम्मद वस्तानवी यांनी काढलेली आणि पुढे वैद्यकीय व अभियांत्रिकी शिक्षणापर्यंत विस्तारलेली संस्था असो, त्यांचे विद्यार्थी आणि शिक्षक बहुतांशी इथलेच. अहिल्यानगर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ४५ लाखांहून अधिक लोक राहतात आणि त्यांत मुसलमान सुमारे सात टक्के आहेत. त्यांच्या मशिदींत उभा राहणारा इमाम महाराष्ट्रातला असतो किंवा उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला असतो, अंकाराहून पाठवलेला नसतो.

अहिल्यानगर शहराची साक्ष मात्र याहून जुनी आहे. १४९० मध्ये मलिक अहमदने स्थापन केलेल्या निजामशाहीचा दुसरा सुलतान पहिला बुऱ्हाण याच्या दरबारी १५२२ च्या सुमारास इराणातून शाह ताहिर नावाचे विद्वान आले, त्यांचे अध्यापन आणि मुत्सद्देगिरी या दोन्हींनी सुलतान भारावला, आणि १५३७ च्या सुमारास त्याने शिया पंथ हा राज्याचा धर्म म्हणून जाहीर केला. शिया म्हणजे पैगंबरांचे जावई अली आणि त्यांच्या वंशातील इमाम हेच खरे वारस होत असे मानणारा पंथ. या घोषणेबरोबर जे घडले ते आजच्या प्रत्येक समर्थकाने वाचावे: सुन्नी विद्वानांचे तनखे बंद होऊन ते शिया विद्वानांकडे वळले, शहरात दंगा उसळला, सुन्नी पक्षाच्या पीर मुहम्मदाने किल्ल्याला वेढा घातला आणि तो कैद झाला. त्याच सुमारास बारा इमामांच्या नावाने कोठला उभा राहिला. तटबंदीच्या आत मशीद, शिया विद्यालय आणि अन्नछत्र, आणि खर्चासाठी गावांचे उत्पन्न तोडून दिलेले. राज्याच्या खजिन्यातून धर्मगुरू घडवणारी संस्था म्हणावी तर ती हीच.

पुढे काय झाले? १५८९ मध्ये अल्पवयीन इस्माईल गादीवर आला, सत्ता जमालखानाच्या हाती गेली, आणि तो महदवी, म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहम्मद यांना महदी मानणाऱ्या पंथाचा असल्यामुळे राज्याचा धर्म महदवी झाला. दोनच वर्षांनी जमालखान लढाईत पडला, दुसरा बुऱ्हाण सुलतान झाला आणि धर्म पुन्हा शिया झाला. सुमारे अर्ध्या शतकात तीनदा कूस बदललेल्या या दरबारी धर्माबरोबर तनखेही तीनदा हलले असतील, आणि त्या तनख्यांवर जगणाऱ्या विद्वानाला कालचे सत्य आज गिळावे लागले असेल. १६३६ मध्ये निजामशाही संपली, मोगल आले, आणि राजाश्रयाने रुजवलेला शिया पंथ नगरच्या मुसलमानांत अल्पसंख्यच राहिला. सुलतानाने जी संस्था धर्मशास्त्र शिकवण्यासाठी बांधली तिचे धर्मशास्त्र विरून गेले, आणि उरले ते मोहरम: कत्तलच्या रात्री निघणाऱ्या सवाऱ्या, त्यांना नवस बोलणाऱ्या बायाबापड्या आणि सवारीच्या वाटेवर उभे राहणारे सुन्नी, मराठे, माळी, सगळ्या जातींचे लोक. राज्याने लादले ते गेले आणि लोकांनी आपलेसे केले ते राहिले, याची याहून स्पष्ट साक्ष कोणते विद्यापीठ देणार आहे?

दुसरी साक्ष ख्रिस्ती आहे, आणि ती अधिक करुण आहे, कारण तिच्यातली माणसे भली होती. अमेरिकन मराठी मिशन १८३१ च्या अखेरीस नगरला आले, १८४२ मध्ये त्यांनी तिथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले, आणि १८७८ मध्ये एतद्देशीय पाळक तयार करण्यासाठी धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले, ज्याची धुरा पुढे अनेक वर्षे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी वाहिली. ह्यूम १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेले, मराठी मुलखाशी जन्माने बांधलेले, दुष्काळात राबलेले गृहस्थ. १८८६ मध्ये ते रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी अशी शक्यता बोलून दाखवली की, ज्यांनी हयातीत ख्रिस्ताचे नावच ऐकले नाही त्यांना मृत्यूनंतरही तारणाची संधी मिळू शकेल. नगरच्या एखाद्या नवख्रिस्ती महार कुटुंबाने आपल्या मेलेल्या आजोबांचे काय होणार असे विचारले तर त्याला देण्याजोगे याहून दयाळू उत्तर दुसरे नव्हते. पण बोस्टनमधील ज्या मंडळाच्या पैशावर मिशन चालत होते त्याच्या समितीला हे मत पाखंड वाटले, आणि ह्यूम यांना परत पाठवण्याचा निर्णय तिने काही काळ अडवून धरला. १८८७ मध्ये ते परतू शकले. नगरच्या मृतांच्या गतीविषयी नगरच्या शिक्षकाने काय बोलावे हे सात समुद्रांपलीकडचा पैसा देणारा ठरवू पाहत होता.

त्याच विद्यालयात नारायण वामन टिळक शिकवत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला आणि १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळालेला हा कवी मराठी ख्रिस्ती समाजाला अभंग, ओवी, कीर्तन आणि भजन देऊन गेला. मिशनच्या अभ्यासक्रमात हे प्रकार कुठेही नव्हते, वारकऱ्यांच्या मराठीत होते. आणि या सर्वांत प्रतिभावान पाळकाने अखेरीस काय केले? १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांना जागा होती. ज्याला मनापासून बोलायचे असते त्याला पगारपत्रकाबाहेर पडावे लागते, ही गोष्ट टिळकांनी सिद्धान्त म्हणून मांडली नाही, जगून दाखवली. बोस्टनच्या जागी मुंबईचे मंत्रालय असते तर परिणाम वेगळा झाला असता, असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणू शकेल काय?

‘पण लोकशाही सरकार म्हणजे सुलतान नव्हे आणि परदेशी मिशनही नव्हे,’ असा आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. म्हणूनच लोकशाही सरकारला राज्यघटनेने हे काम करण्यास मज्जाव केला आहे. अनुच्छेद २६ प्रत्येक धर्मसंप्रदायाला धर्माच्या बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा हक्क देतो; अनुच्छेद २७ कोणत्याही नागरिकाकडून विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर घेण्यास मनाई करतो; अनुच्छेद २८ पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई करतो. धर्माविषयीचा अभ्यास आणि धर्माची दीक्षा हे दोन वेगळे आहेत, पहिला विद्यापीठात चालतो, दुसरा नाही, हे न्यायालयांनी अनेकदा स्पष्ट केले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये इमामांना वेतन देण्यास सांगितले ते वक्फ मंडळांना, आणि पश्चिम बंगाल सरकारने इमामांना सरकारी तिजोरीतून मानधन सुरू केले तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते रद्द ठरवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्याचा बहुतांश भाग वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने त्यातील पदवी-पदव्युत्तर दर्जाच्या ‘कामिल’ आणि ‘फाजिल’ या परीक्षांची तरतूद मात्र रद्द केली, कारण पदव्या देण्याचा विषय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याखाली येतो. सरकारी इमाम-पदवीची मागणी करणाऱ्यांनी आधी घटनादुरुस्तीची मागणी करायला हवी, आणि ती केली की मग प्रत्येक धर्माला तेच दार उघडावे लागेल हेही त्यांनी मान्य करायला हवे.

इथेच या मताचा सर्वांत दुबळा सांधा उघडा पडतो. उज्जैनचे महर्षी सांदीपनि राष्ट्रीय वेदविद्या प्रतिष्ठान केंद्र सरकारच्या पैशावर वेदपाठशाळांना अनुदान देते. त्या पाठशाळांतील बटूंनी जातिभेदाविषयी किंवा स्त्रियांच्या अधिकाराविषयी काय शिकावे, याची परीक्षा सरकारने घ्यावी असे इमामांच्या प्रशिक्षणाचे पुरस्कर्ते कधी म्हणाले आहेत काय? आळंदीला जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापलेली वारकरी शिक्षण संस्था कीर्तनकार घडवते. तिचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या माधुकरी मागून शिकले, ज्ञानेश्वरी आणि गाथा शिकून गावोगाव गेले, आणि महाराष्ट्राने त्यांच्या तोंडून धर्म ऐकला. तिच्यावर सरकारी निरीक्षक बसवावा असे कोणाच्या मनातही येत नाही, आणि येऊही नये. राहाता तालुक्यातील साकोरीला उपासनी महाराजांनी कन्याकुमारी स्थानात मुलींना वेदमंत्र आणि यज्ञविधी शिकवले, ज्याला तेव्हाच्या कर्मठांचा कडवा विरोध होता. तेव्हा सरकारने ‘मान्यताप्राप्त’ पौरोहित्याचा अभ्यासक्रम काढला असता तर तो कर्मठ पंडितांनीच लिहिला असता, आणि साकोरीच्या कन्यांना यज्ञवेदीजवळ बसता आले नसते. सरकार नेहमी धर्मातल्या सर्वांत प्रतिष्ठित आणि म्हणून सर्वांत जुनाट आवाजाशी बोलणी करते. मुसलमानांच्या बाबतीत ते सुधारकांना बोलावेल, अशी आशा कशाच्या आधारावर धरायची?

राज्याने पुजारी घडवलेच आहेत, असे कोणी म्हणेल: तमिळनाडूने सर्व जातींतील अर्चक, म्हणजे मंदिराचे पुजारी, घडवले, केरळात त्रावणकोर देवस्वम मंडळाने २०१७ मध्ये दलित पुजारी नेमले, पंढरपुरात २०१४ च्या निकालाने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले, हे खरे. तिथे राज्य मंदिराच्या कारभारात जन्मावर आधारलेली मक्तेदारी मोडण्यासाठी शिरले. विठ्ठलाविषयी पुजाऱ्याने काय मानावे हे ठरवण्यासाठी नव्हे. मशिदीच्या इमामाचे पद मुळात कोणत्याही जातीला राखून ठेवलेले नाही, तेव्हा ही तुलना इथे लागूच पडत नाही.

धर्मगुरू सुधारला की समाज सुधारतो, या कडीला महाराष्ट्राने फार पूर्वी उत्तर दिले आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाई सात मुसलमान स्त्रियांना घेऊन विधानभवनावर गेले तेव्हा त्यांनी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्ध कायदा मागितला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले तेव्हाही त्यांची हाक नागरिकाला आणि राज्याच्या कायद्याला होती. सरकारी मौलवी नेमा, तो आमच्या बायकांना न्याय देईल, असे त्यांनी कधी म्हटले नाही, कारण स्त्रीचा हक्क मौलवीच्या दयेवर सोडायचा नसतो हे त्यांना ठाऊक होते. सरकारने इमाम घडवावेत म्हणणारे सुधारक नकळत नेमके तेच करत आहेत: मुसलमान नागरिकाशी थेट बोलण्याऐवजी ते त्याच्या आणि राज्याच्या मध्ये इमामाला अधिकृत दलाल म्हणून बसवतात, आणि मग मुसलमानाचे प्रश्न म्हणजे मशिदीचे प्रश्न, हे समीकरण कायमचे होते. कडवेपणाच्या धाकाचेही तेच. मिंबरावरून कोणी हिंसेला चिथावणी दिली तर तो गुन्हा आहे, तशीच चिथावणी व्यासपीठावरून किंवा कीर्तनातून दिली तरी तो गुन्हा आहे, आणि त्यासाठी फौजदारी कायदा पुरेसा आहे. ज्याला हा कायदा समान हाताने चालवायचा नाही त्यालाच वेगळ्या अभ्यासक्रमाची गरज भासते.

राज्याने जे करायला हवे ते वेगळेच आहे, आणि तिथे त्याने हात आखडता घेतला आहे. मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की शाळेच्या वयाच्या मुसलमान मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मुले मदरशात जातात. उरलेली शाळेत जातात, किंवा कुठेच जात नाहीत. असे असताना सार्वजनिक चर्चा मात्र मदरशाभोवतीच फिरते. शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती करून मदरसे आणि वेदपाठशाळा दोन्ही त्या कायद्याबाहेर काढले गेले, म्हणजे तिथे बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला गणित आणि विज्ञान मिळवून देण्याची हमी राज्याने स्वतःहून सोडली. आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे विषय न शिकवणाऱ्या मदरशांतील मुले शाळाबाह्य धरण्याचे जाहीर केले. हमी काढून घ्यायची आणि मग त्याच मुलाला शाळाबाह्य म्हणायचे, हे कोणत्या न्यायात बसते? २०१३ मध्ये सुरू झालेल्या डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेतून मदरशांत गणित, विज्ञान, मराठी, इंग्रजी शिकवणाऱ्या डी.एड. आणि बी.एड. शिक्षकांना मानधन मिळते, आणि २०२४ मध्ये ते अनुक्रमे ६,००० वरून १६,००० आणि ८,००० वरून १८,००० रुपये करण्यात आले. हा पैसा गणिताच्या शिक्षकाला जातो, हदीसच्या शिक्षकाला जात नाही. राज्याने इथवरच यावे, पण इथवर तरी नेटाने यावे: मुलाच्या पाटीवर आकडे आणि मराठी अक्षरे उमटवावीत, आणि तो पुढे इमाम होतो की इंजिनिअर हे त्याच्यावर सोडावे. विद्यापीठांनी मराठीतून इस्लामचा इतिहास, दखनी साहित्य आणि सूफी परंपरा यांचा अभ्यास उघडावा, ज्यात मौलानाही बसेल आणि मराठा शेतकऱ्याची मुलगीही बसेल, आणि ज्याच्या अखेरीस कोणालाही मिंबरावर चढण्याचा परवाना मिळणार नाही.

इमामाने मराठीत बोलावे, अशीही एक मागणी या प्रस्तावाला जोडलेली असते, आणि ती करणाऱ्यांना श्रीगोंद्याचा विसर पडलेला असतो. सोळाव्या-सतराव्या शतकातील शेख महंमद यांनी याच अहिल्यानगर जिल्ह्यात ‘योगसंग्राम’ मराठीत रचला. त्यांचे गुरू चांद बोधले हे कादिरी सूफी, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे त्याच चांद बोधल्यांचे शिष्य म्हणून ओळखले जातात. मालोजी भोसल्यांनी शेख महंमदांना श्रीगोंद्यात मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. पण अल्ला आणि विठ्ठल यांच्याविषयी त्या मठात काय बोलले जावे, याचा तक्ता मालोजींनी लिहून दिला, असे कोणतीही परंपरा सांगत नाही. शेख महंमदांची मराठी कोणत्या फर्मानाने आली नव्हती. ज्यांच्यात ते राहत त्यांची ती बोली होती आणि ज्यांच्याशी त्यांना बोलायचे होते त्यांना दुसरी येत नव्हती. त्यांच्या दर्ग्यावर आजही हिंदू आणि मुसलमान दोघे जातात.